टुंड्रातला उन्हाळी फील्ड कोर्स: वितळ-खोली आणि वनस्पती कशा मोजाव्यात

कोर्सची जागा लाँगइयरब्येन, स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातलं गाव, ७८ अंश उत्तर. भारतातून येणाऱ्यांनी आधी व्हिसा बघावा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट मुख्य नॉर्वेतून जाते. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, स्वालबार्ड त्याबाहेर. म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या, नाहीतर परतताना अडकाल.

जुलैतही सरासरी तापमान सहा-सात अंशच. अंगालगत लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घरीच राहू द्या, ती भिजली की वाळत नाही. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, जाड मोज्यांसाठी एक नंबर मोठे.

खाली कायम गोठलेली जमीन, वर उन्हाळ्यात वितळणारा थर. त्याची खोली मोजायला सेंटिमीटरच्या खुणा केलेली, साधारण १ सेंमी जाडीची पोलादी सळई घ्या. लाँगइयरब्येनजवळच्या आडव्हेन्टडालेन खोऱ्यात हा थर उन्हाळ्याअखेर मीटरभर जातो, तेव्हा मीटरची सळई अपुरी पडते. दीड मीटरची न्या. १०० × १०० मीटरच्या चौकोनात दर १० मीटरवर एक असे १२१ बिंदू होतात. सळई गोठलेल्या जमिनीला टेकेपर्यंत सरळ उभी दाबा, तिरकी गेली तर आकडा फुगतो. दगड लागला तर 'टण्' आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या. बर्फाळ मातीवर आवाज बसका असतो. शंका आली की वीतभर बाजूला पुन्हा टोचा. शेवाळ दाबून वाचन घेऊ नका. मोजणीचं शून्य शेवाळाच्या माथ्यावर धरायचं की मातीवर, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहा. जुलैतलं वाचन म्हणजे त्या वर्षाची कमाल खोली नव्हे, म्हणून तारखेशिवाय आकडा निरुपयोगी.

वनस्पतींसाठी ७५ सेंमीची चौकट, आत ताणलेले दोरे जिथे एकमेकांना छेदतात असे १०० बिंदू. चौकट समतल करा, प्रत्येक बिंदूतून पिन सोडा, वरून खाली जे जे लागेल ते क्रमाने नोंदवा. वाळकं पान वेगळं. वारा असेल तर पानं हलतात आणि एकच पान दोनदा मोजलं जातं, तेव्हा थांबणं बरं. सॅलिक्स पोलारिस हे झुडूप जेमतेम बोटभर उंच, पान गोलसर, चकचकीत. बिस्टोर्टा व्हिव्हिपारा या छोट्या रोपाचं पान अरुंद, कडा खाली वळलेल्या. नवखे या दोन्हींत गोंधळतात.

चौकटीभोवती फळीवरूनच वावरा. तुडवलेल्या शेवाळाखाली जमीन जास्त वितळते आणि पुढच्या वर्षाची मोजणी बिघडते. नोंदी पेन्सिलीने, जलरोधक वहीत.

ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवणारा पहारेकरी मोजणीला लावू नये, आकडेही लिहायला देऊ नयेत. त्याचं काम आजूबाजूला बघणं, आणि धुकं आलं की सगळ्यांनी सामान आवरायचं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे 'अंधार पडायच्या आत' हा हिशेब इथे चालत नाही. परतीची वेळ घड्याळावर ठरवा आणि तळावर कळवून निघा.