व्हाइस ग्रिप: घेताना काय बघायचं, लावताना कुठं फसायला होतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनला लागलेलं नवीन पोरगं पहिल्या पगारातून स्वतःचा ग्राइंडर घेतं. घ्या की, पण आधी दोन चांगल्या व्हाइस ग्रिपा घ्या. व्हाइस ग्रिप म्हणजे दांडा दाबला की लॉक होऊन धरून राहणारी पक्कड. मी बोलतोय ते सी-क्लॅम्पच्या, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या जबड्याच्या ग्रिपेबद्दल. दातेरी जबड्याची साधी ग्रिप वेगळी. कडा झिजून गोल झालेला बोल्ट सोडवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण पॉलिश केलेल्या पट्टीला लावलीत तर दातांचे वण घासत बसाल.

माप ११ इंची घ्या, रोजचं बहुतेक काम त्यात निघतं. १८ इंची दिसायला भारी, पण ती गरज पडली तर मालकाची वापरा. दुकानात ग्रिप रिकामीच मिटवून उजेडाकडं धरा. दोन्ही टोकं समोरासमोर भिडली पाहिजेत. मग हलता जबडा आडवा हलवून बघा. रिव्हेटमध्ये खडखड वाजली तर ठेवून द्या, पुढं ती वाढतच जाते. स्प्रिंग कडक म्हणजे ग्रिप दमदार, हे दुकानदाराचं बोलणं कानाआड करा. स्प्रिंग फक्त जबडा उघडते. पकड येते ती दांडा दाबल्यावर आतली पट्टी सरळ रेषेच्या जराशी पलीकडे जाऊन अडकते त्यामुळं. १९२४ साली अमेरिकेत एका लोहारानं या लॉकचं पेटंट घेतलं, आणि आजही आत तीच करामत आहे.

आता ज्यानं मला रडवलं ते सांगतो. कट् असा आवाज आला की जॉब (ज्यावर काम करतोय तो तुकडा) जिथं ठेवला तिथंच धरला गेला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. हलता जबडा सरळ खाली येत नाही, खिळीभोवती कमानीत फिरत येतो. त्यामुळं टोक जॉबला टेकल्यावरही शेवटच्या दाबात थोडं घसटतं आणि जॉबला सोबत ओढतं. गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावून जुळवलेला कोपरा लॉक बसेपर्यंत फिरलेला असतो. ५० मिमी पाईपच्या रुंदीत १ मिमी फरक पडला, तर १२०० मिमीच्या गेटला टोकाशी तो २४ मिमी होतो. टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून, फ्रेम उभी करून, कर्ण मोजल्यावर हे कळणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा.

पटत नसेल तर करून बघा. दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, दोन्हींच्या कडेवरून खडूची एक रेघ ओढा आणि ग्रिप सावकाश दाबा. रेघ तुटलेली दिसेल. कुठल्या बाजूला तुटली ते लक्षात ठेवा, कारण जाडी बदलली की ओढही बदलते. म्हणून गुण्या लॉकच्या आधी नाही, लॉक झाल्यावर लावायचा. टाका मारल्यावर पुन्हा एकदा, कारण वेल्ड थंड होताना आकसतो. आणि एका ग्रिपेवर कोपरा कधीच सोडू नका. पहिली हलकी बसवा, दुसरी लावा, मगच दोन्हींच्या दांड्याच्या टोकाचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

किती आवळायचं? एका हातानं मिटली पाहिजे. दोन्ही हात लावावे लागले तर स्क्रू मागं घ्या. १८ गेजच्या चौकोनी पाईपची भिंत जेमतेम १.२ मिमी असते, जास्त दाबलंत तर ती आत बसते आणि मग कुठल्याच हातोडीनं बाहेर येत नाही. ‘दाब बे अजून’ म्हणणारे मिस्त्री प्रत्येक शेडमध्ये भेटतील. त्यांचा टाका बघून शिका, दाब नको. दांड्यावर पाईप चढवून आवळणाऱ्याकडून तर काहीच शिकू नका.

आपल्या सोलापुरात एक जादा भानगड आहे ती लूमच्या कामाची. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात फ्रेमवर तेल आणि रुई यांचा थर बसलेला असतो. त्यावर लावलेली ग्रिप धरल्यासारखी वाटते आणि ग्राइंडरची थरथर लागली की सुटते. जागा चिंधीनं पुसून, लोखंड दिसेपर्यंत घासून मगच लावा. खालची रुई आधी झाडून घ्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. एक ठिणगी पुरते, इथं गंमत नाही.

ड्रिल मशीनवर पत्रा हातानं धरणाऱ्यालाही हेच सांगणं. बिट आरपार निघताना पत्र्याला पकडतं आणि पत्रा पात्यासारखा फिरतो. ग्रिप टेबलाला लावा, बोटं वाचतील. पाईपला भोक मारताना मात्र गोल पाईप व्ही-ब्लॉकमध्येच (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात) ठेवा.

सुरुवातीला जॉब सरकेल, लॉक सोडताना तळव्याची कातडी चिमटेल. सगळ्यांचं होतं, महिना-दोन महिन्यांत हाताला अंदाज येतो. एवढं करा, वेल्डिंगचे छर्रे स्क्रूच्या आट्यांवर बसू देऊ नका. टाका मारायच्या आधी स्क्रूवर ओली चिंधी गुंडाळा आणि संध्याकाळी खिळ्यांवर तेलाचा थेंब सोडा.