कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला गाडी गॅरेजला टाकण्याआधी

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० आला आणि गॅरेजवाला म्हणाला ‘कन्व्हर्टर गेला’ (सायलेन्सरच्या वाटेवरचा, इंजिनाचा विषारी धूर साफ करणारा डबा), तरी लगेच नव्याची किंमत विचारत सुटू नका. हा कोड म्हणजे कॉम्प्युटरचा संशय आहे. कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर जे दाखवतोय त्यावरून धुराची सफाई होत नसावी, इतकंच तो सांगतो. मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, जळालेलं असेल किंवा पाइपला तडा गेला असेल तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर फसतो. म्हणून सकाळी गार इंजिन चालू करून बॉनेट उघडा, फुसफुस किंवा टकटक ऐकू येते का आणि जोडावर काजळीचा डाग आहे का ते पाहा. मग इंजिन पुरतं तापल्यावर २५०० आरपीएमला धरून स्कॅनरवर मागच्या सेन्सरचं लाइव्ह रीडिंग बघायला सांगा. ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत बसलं असेल तर कन्व्हर्टर बहुधा ठीक आहे. ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होत असेल तर संशय खरा.

गाडी घाटात ओढत नसेल तर कन्व्हर्टर चोंदलाय का हेही तपासावं लागेल. कन्व्हर्टरच्या पुढचा, इंजिनाकडचा सेन्सर काढून तिथे बॅकप्रेशरचा, म्हणजे अडलेल्या धुराचा दाब मोजणारा गेज लावतात. २५०० आरपीएमला साधारण ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर वाट अडली आहे असं धरतात. गार असताना रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत खुळखुळ वाजलं तर आतली चिनी मातीची जाळी फुटली, मग कन्व्हर्टर गेलाय का हे ठरवायला बाकी तपासण्यांची गरजच नाही.

आता खरा प्रश्न: मेला कशाने? कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला इंजिन मारतं. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तिथे पेटतं आणि जाळी वितळते. धक्का मारून गाडी चालू करायची आपली सवयही हेच करते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवरच्या, धूर साफ करणाऱ्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर त्यातले घटकही तोच थर निकामी करतात. तेव्हा स्पार्क प्लग आणि कॉइल तपासून घ्या, डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवून काही दिवसांनी पुन्हा बघा, कूलंटची टाकी बघा. सीएनजीच्या गाड्यांना हे दुप्पट लागू. गॅसला ठिणगी जोरकस लागते, आणि प्लग झिजलेले असतील तर पेट्रोलवर न जाणवणारा मिसफायर गॅसवर रोज होत असतो. हे दुरुस्त न करता नवा बसवणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून भिंत रंगवणं.

भाग मागवताना चेसिस नंबर द्या आणि आरसीवर बीएस-४ आहे की बीएस-६ ते सांगा. मॉडेल तेच असलं तरी कन्व्हर्टर वेगळा असू शकतो. बऱ्याच गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच जोडलेला येतो, म्हणून मजुरी वाढते. बाजारात ‘युनिव्हर्सल’ म्हणून स्वस्त मिळतो त्यात किमती धातू किती हे वरून कळत नाही, आणि कमी असेल तर काही महिन्यांत तोच दिवा परत लागतो. माझं मत विचाराल तर इथे पैसे वाचवू नयेत. त्याआधी वॉरंटीचं पुस्तक मात्र उघडून बघा, काही कंपन्या एमिशनची वॉरंटी वेगळी देतात. ‘आतून रिकामा करून देतो, कोणाला कळतंय’ हा सल्ला कोणी ना कोणी देईलच. सरळ नाही म्हणा. ते बेकायदा आहे, आणि पीयूसीच्या मशीनवर पुढे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बोलतो.

सोबत नवी गॅस्केट, नवे नट-बोल्ट आणि स्प्रिंग मागवा, जुने गंजून तुटतातच. आदल्या संध्याकाळी, सायलेन्सर गार झाल्यावर, गंजलेल्या नटांवर आणि सेन्सरच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा. जुना सेन्सर परत लावणार असाल तर त्याच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीससारखं मलम) लावावं, टोकाला अजिबात नाही. जोडावर साधं सिलिकॉन फासू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. वेल्डिंग करावं लागणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी. घरीच करायचा उत्साह असेल तर इंजिन बंद करून काही तास जाऊ द्या, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लागतातच. नव्या कन्व्हर्टरवर बाणाची खूण असते, तो बाण मागे सायलेन्सरकडे हवा.

एस्टिमेट लेखी घ्या: भागाचा नंबर, मजुरी, गॅस्केट वेगवेगळं. आणि जुना कन्व्हर्टर कोणाचा हे आधीच ठरवा. बरेच गॅरेजवाले तो विषयच काढत नाहीत, कारण आतल्या धातूंमुळे भंगारात त्याला चांगला भाव येतो. मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर आतल्या याच धातूंच्या ‘माती’साठी चोरीला जातात. तो परत मागा, किंवा बिलात त्याची किंमत वजा करून घ्या.

गाडी हातात आल्यावर आधी जोड गळत नाहीत ना ते ऐका, मग कोड पुसून शहरात आणि हायवेवर मिळून काही दिवस चालवा. दिवा परत लागला नाही की इंजिन गरम असतानाच पीयूसी काढून घ्या. गार इंजिनाने कन्व्हर्टर काम सुरूच करत नाही, त्याला साधारण ३०० अंश सेल्सिअस लागतात.