सिव्हिल वॉरमधला डच सैनिक शोधायचाय? मग युद्धावर थांबू नका

अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये (१८६१-६५ च्या यादवी युद्धात) लढलेला डच माणूस शोधायचा तर आधी नावाचा घोळ निस्तरावा लागतो. नेदरलँड्समधला यान अमेरिकेत येऊन जॉन होतो, आणि आडनावातलं व्हॅन किंवा डी कारकुनाने कधी जोडून लिहिलंय, कधी तोडून, कधी पार उडवूनच टाकलंय. नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिकांचा डेटाबेस फुकट आहे, सुचतील तेवढी स्पेलिंगं टाकून बघा. नाहीच सापडला तर गाव पकडा. मिशिगनमधलं हॉलंड हे व्हॅन राल्टे नावाच्या पाद्र्याने १८४७ मध्ये वसवलेलं डच गाव, तिथली बरीच पोरं १८६२ मध्ये २५व्या मिशिगन इन्फन्ट्री या पायदळाच्या रेजिमेंटमधल्या आय कंपनीत (तुकडीत) गेली, त्या कंपनीची यादीच वाचून काढा ना सरळ.

मग वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधून सर्व्हिस रेकॉर्ड, म्हणजे सैन्यातल्या नोकरीची नोंद, मागवा. त्यात छोटी छोटी कार्डं असतात, हजर, गैरहजर, हॉस्पिटलमध्ये, बस एवढंच. रेजिमेंटच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचलं तरच अर्थ लागतो. म्हणजे जुलै १८६३ ला आय कंपनीत हजर असेल तर तो बहुतेक केंटकीतल्या टेब्स बेंडला होता, जिथे दक्षिणेच्या फौजेच्या जनरल मॉर्गनने शरण या म्हटल्यावर २५व्या मिशिगनच्या कर्नल मूरने आज ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आहे, आज जमणार नाही असं कळवलं. (आणि लढाई जिंकली पण!)

पण खरा खजिना पेन्शनची फाइल. लोक सर्व्हिस रेकॉर्ड मिळालं की खूश होऊन थांबतात, तिथेच चुकतं. फाइलसाठी पैसे मोजावे लागतात पण त्यात डॉक्टरची तपासणी, शेजाऱ्यांच्या साक्षी, लग्नाचे पुरावे, त्याला शेतात किती काम झेपत होतं, सगळं येतं, कारण १८९० च्या कायद्याने पेन्शनसाठी दुखणं युद्धातलं असायची अटच काढली आणि अर्जांचा पाऊस पडला. दुखणी थोडी वाढवून सांगितलेली असणार हे धरूनच वाचा. १८९० च्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे नष्ट झाले, पण तेव्हाची माजी सैनिकांची वेगळी यादी मिशिगनची तरी शिल्लक आहे, तीही बघाच.

नागरिकत्वाचे पहिले कागद (नागरिक व्हायचा इरादा आधी जाहीर केल्याचे) मिळाले नाहीत तर डोकं खाजवू नका, १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला ते लागतच नव्हते, एक वर्षाचा रहिवास पुरे.

पुढचं सार्वजनिक आयुष्य शोधणं कोण आहे त्यावर अवलंबून. पाद्र्याचा मुलगा डर्क व्हॅन राल्टे, अटलांटाजवळ १८६४ मध्ये उजवा हात गेला, नंतर राज्याच्या विधिमंडळात पोचला, असा माणूस लगेच सापडतो. साधा शेतकरी असेल तर टाउनशिपची (गावपातळीच्या कारभाराची) दप्तरं, चर्चच्या वडीलमंडळींची (एल्डर्स, म्हणजे कारभाऱ्यांची) नावं, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक पोस्टची (शाखेची) यादी आणि 'डी ग्रॉन्डवेट' हा डच पेपर चाळा, होप कॉलेज आणि कॅल्विन युनिव्हर्सिटीच्या संग्रहांतही विचारा.

मूळ गाव सगळ्यात शेवटी. पेन्शन फाइलमधली जन्मतारीख आणि आईबापांची नावं हाताशी ठेवून 'वी वास वी' या डच साइटवर शोधा, नुसत्या आडनावाने शेकड्याने लोक येतील.