मिडियम वेव्हसाठी लूप एरियल घरी कशी बनवावी

मिडियम वेव्हवर स्टेशन नीट लागेना की बहुतेक जण ट्रान्झिस्टरची दांडी पूर्ण बाहेर ओढतात. तिचा इथे काही उपयोग नाही. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मिडियम वेव्हची खरी एरियल रेडिओच्या पोटात आडवी बसवलेली असते: फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. लहरींचं बदलतं चुंबकीय क्षेत्र कांडीतून गेलं की तारेत सूक्ष्म वीजदाब तयार होतो.

म्हणून आधी खर्च न करता रेडिओ सेलवर चालवा, स्टेशन लावा आणि तो जागच्या जागी सावकाश गोल फिरवा. कांडीचं टोक रेडिओ केंद्राच्या दिशेला आलं की आवाज बुडतो, कांडी काटकोनात आली की उचलतो. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखरही अशीच कमी-जास्त होते. पुष्कळ घरांत एवढ्यानेच काम भागतं.

नाही भागलं तर लूप, म्हणजे तारेचे वेढे दिलेली चौकट, करा. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर आहे. तिच्या मापाची तार घरात मावणं शक्य नाही. पण तारेची गुंडाळी त्याच फ्रिक्वेन्सीला ट्यून केली, तर लहान चौकटही भरपूर सिग्नल गोळा करते.

८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या काटकोनात फुलीसारख्या ठोका. चारही टोकांना लहान आडव्या पट्ट्या लावून त्यांवर पाच-सहा मिलिमीटर अंतराने दहा खाचा पाडा. या खाचांतून प्लॅस्टिकचं वेष्टण असलेल्या साध्या तारेचे दहा वेढे ताणून घ्या. बाजू ६० सेंटिमीटर होते आणि २५ मीटर तार पुरते. वेढे सैल राहिले तर ट्यूनिंग सरकत राहतं, इथे घाई नको.

आता जुन्या रेडिओतला सुमारे ५०० पिकोफॅरडचा गँग, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो पात्यांचा कंडेन्सर, घ्या. लूप ट्यून होते ती यानेच. तारेचं एक टोक त्याच्या धातूच्या सांगाड्याला, दुसरं स्थिर पात्यांच्या टोकाला झाळा. खालची स्टेशनं आवाक्यात येत नसतील तर एखादा वेढा वाढवा.

लूप उभी ठेवून तिची कड केंद्राकडे करा. रेडिओ शेजारी असा ठेवा, की आतली कांडी चौकटीच्या प्रतलाला काटकोनात येईल. दोघांना जोडणारी तार लागत नाही. चुंबकीय क्षेत्रच सिग्नल पोचवतं. गँग अगदी हळू फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून येतो, खरखर मागे पडते. स्टेशन बदललं की गँग पुन्हा जुळवावा लागतो.

अंधार पडल्यावर आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा, लहरी शोषणारा थर विरतो आणि दूरची केंद्रं येऊ लागतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं एकमेकांवर चढली, तर नको असलेल्या केंद्राकडे लूपची सपाट बाजू करा आणि रेडिओही तिच्यासोबतच फिरवा. ते केंद्र दबतं आणि दुसरं ऐकू येऊ लागतं. दोन्ही एकाच दिशेला असतील, तर मात्र लूपचा इलाज चालत नाही.