शेगडीची ज्योत पिवळी पडली तर

रविवारी मटण शिजायला टाकलं आणि कुकरचं बूड काळं पडायला लागलं, की गॅस खराब आला म्हणून एजन्सीवर राग काढू नका. बहुतेक वेळा दोष शेगडीत असतो. बर्नरला हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो, म्हणून निळी ज्योत पिवळी होते.

रेग्युलेटर काढून ठेवा, शेगडी गार होऊ द्या. पितळी बर्नर रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाका, सकाळी घासा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि नीट वाळवा.

आता बर्नरखालची नळी बघा. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध दाट, उतू गेलं की थेट नळीत उतरून वाळतं. पावसाळ्यात झुरळं आणि कोळ्याची जाळीही तिथेच सापडतात. बारीक ब्रश आरपार फिरवा.

एवढं करूनही ज्योत बारीकच राहिली, तर जेट बघायचा. नॉबच्या मागे, नळीच्या तोंडाशी असलेला हा छोटा पितळी तुकडा. त्याच्या केसाएवढ्या भोकातून सगळा गॅस येतो. "सुई घाल, मोकळा होईल" हा सल्ला मला शेजारपाजारी सगळ्यांनी दिला होता. मी तो ऐकला आणि दाभण घालून गरागरा फिरवलं. पितळ मऊ, दाभण पोलादी. भोक मोठं झालं, गॅस जास्त यायला लागला आणि हवा तेवढीच राहिली. ज्योत हातभर पिवळी! महिनाभर भांडी घासून हात दुखले, शेवटी नवा जेट आणावा लागला. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही. म्हणून जेटमध्ये सुई, टाचणी, दाभण काहीही घालू नका. गरम साबणाच्या पाण्यात तासभर ठेवा, मागच्या बाजूने जोरात फुंका, मग उजेडाकडे धरून बघा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, दोन्ही जेट एकदम काढू नका. लहान बर्नरचा आणि मोठ्या बर्नरचा जेट वेगळा असतो. अदलाबदल झाली तर एक बर्नर मिणमिणतो आणि दुसरा काजळी धरतो. बसवताना आधी हाताने आटे धरवा, मगच पाना लावा. आडवा गेलेला आटा गळतो.

नॉब जड फिरत असला तरी आतला कॉक खोलू नका. ते काम मिस्त्रीचंच.

शेवटी रेग्युलेटर लावून, नॉब बंद ठेवून पाईपच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावा. मग बर्नर पेटवून जेटच्या आट्यालाही लावा, कारण नॉब बंद असताना तिथे गॅस पोचतच नाही. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून कधीच तपासू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.