केदारकांठाला जाताय? आधी ग्वाल्हेरला दोन रात्री थाटात राहा

पुण्यामुंबईहून उत्तराखंडातल्या केदारकांठाच्या ट्रेकला निघालेली मंडळी बहुतेक दिल्ली, तिथून रात्रीची बस, सकाळी देहरादून आणि लगेच सांकरीची, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाची, जीप अशी पळापळ करतात, म्हणजे चढाई सुरू व्हायच्या आधीच झोपेचं वाटोळं. त्यापेक्षा झेलम किंवा पंजाब मेलने या आणि आमच्या ग्वाल्हेरला उतरा, दोन रात्री राहा. एक नाही, दोनच, कारण पहिली रात्र प्रवासाचा शीण काढण्यातच जाते.

हॉटेलवर इथे खरंच पैसे खर्च करा. लष्कर नावाच्या भागात शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याशेजारी ताज उषा किरण पॅलेस आहे, शिंद्यांच्या काळची वास्तू, मोठं आवार, शांतता. पुढे आठवडाभर तंबू आणि स्लीपिंग बॅगच आहे, तेव्हा इथे गरम पाण्याने मनसोक्त आंघोळ करा, दुपारी पडदे ओढून झोपा. मसाज घ्यायचा तर हलका घ्या, जोरात रगडून घेतलं की दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. आणि हो, ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे उंचीची सवय होत नाही, ती सांकरीपासून 12,500 फुटांपर्यंत हळूहळू चढतानाच होते, डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का ते घरून निघतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा.

मधल्या दिवशी सकाळी किल्ला. गाडीने उरवाई गेटकडून जाऊ नका, किला गेटकडून पायी चढा, ट्रेकचेच बूट आणि भरलेली पाठपिशवी घेऊन. वाटेत गुजरी महाल लागतो, वर चढताना कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर, तिथल्या शिलालेखात 270 हा आकडा शून्यासकट कोरलाय, इ.स. 876 चा, तिथे दोन मिनिटं थांबाच. वर मानसिंग तोमरांच्या मान मंदिराची निळी नक्षी, तेली का मंदिर, सास-बहू मंदिरं. पण खरी परीक्षा उतरताना. माझ्या भाच्याचे बूट चढताना झकास होते, उतारावर अंगठा पुढे आदळायला लागला, मग नखं कापली, बाड्यावरून, म्हणजे इथल्या बाजारातून, जाड मोजे घेतले, लेस घोट्यापाशी घट्ट बांधायला शिकला. हे सांकरीत कळलं असतं तर काय केलं असतं?

बेढई-भाजी, म्हणजे डाळ भरलेली पुरी आणि भाजी, पहिल्या सकाळीच खा, निघायच्या दिवशी वरण-भात किंवा खिचडी, पोट बिघडवून डोंगरात जायचं नसतं. दुपारी जयविलासचा दरबार हॉल बघा, ती दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. संध्याकाळी बाड्यावरून मुरैनाची गजक घ्या, तीळ-गुळाची, थंडीत चालताना खायला याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त डब्यात ठेवा, भुगा होतो.

पुढे उत्कल एक्सप्रेस थेट हरिद्वारला जाते, दिल्लीत सामान उचलून पळायला नको, हरिद्वारहून देहरादून, मग सांकरीला अख्खा दिवस. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात म्हणून देहरादूनला एक दिवस हातचा ठेवा. शहरातले कपडे वेगळ्या बॅगेत भरा, परतताना ग्वाल्हेरवरूनच येणार असाल तर ती बॅग हॉटेलात ठेवून घेतील का ते चेक-आउटच्या वेळी विचारून घ्या.