नवीन कॉमिक्स कोणते घ्यायचे? तिसऱ्या अंकापाशी ठरवा

अमेरिकेत बुधवार हा नव्या कॉमिक्सचा दिवस. त्या दिवशी तिथल्या दुकानांत सुट्या अंकांचे गठ्ठे उघडले जातात आणि लगोलग ‘या आठवड्यात हे घ्याच’ अशा याद्या फिरू लागतात. पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून मागवणाऱ्या वाचकाला त्या याद्यांचा फारसा उपयोग नाही. तिथला वाचक दुकानात जातो, अंक चाळतो, आवडला तर उचलतो. आपल्याला मात्र जे अजून छापलेलंच नाही, त्याची मागणी आधी नोंदवावी लागते. निवड करायची ती अशी, न पाहता. पंधरा वर्षं मी हेच करत आले आहे आणि त्यातली पहिली काही वर्षं फार पैसे वाया घालवले.

एक जुनी सवय आधी सोडून द्या. माझ्या वयाच्या बऱ्याच मराठी वाचकांनी कॉमिक्स निवडायला शिकलं ते रद्दीच्या दुकानात, इंद्रजाल कॉमिक्सच्या ढिगासमोर. १९६४ ते १९९० या काळात निघालेले ते अंक. वेताळ किंवा मांड्रेक, मुखपृष्ठ पाहायचं आणि उचलायचं. गोष्ट बहुतेक वेळा त्याच अंकात संपायची, त्यामुळे कुठलाही अंक चालायचा. अमेरिकी मासिक मालिकेला हा नियम लावला की फसलंच. तिथे एका अंकात गोष्टीची साधारण वीस पानं असतात, एक कथानक पाच-सहा अंक चालतं आणि मुखपृष्ठाचा चित्रकार आतल्या पानांचा असेलच असं नाही. मुखपृष्ठावर भाळून मी घेतलेल्या कित्येक अंकांत ते दृश्य आत कुठेच नव्हतं.

पहिली पायरी: महिन्याची रक्कम. ठरवा आणि कागदावर लिहा. ४.९९ डॉलर छापील किमतीच्या एका अंकाचे वाहतूक धरण्याआधीच चारशेहून जास्त रुपये होतात, एवढं डोक्यात असलं की पुरे.

दुसरी पायरी: आगाऊ यादी वाचणं. प्रकाशक दर महिन्याला, दोन-तीन महिने आधी, येणाऱ्या अंकांची यादी जाहीर करतात. लेखक, चित्रकार, पानं, किंमत, मुखपृष्ठ आणि कथेच्या चार ओळी. त्या चार ओळी वाचू नका. त्या जाहिरातीच्या असतात आणि ‘यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही’ हे वाक्य त्यांत या ना त्या रूपात असतंच. वाचायची ती नावं.

आधी चित्रकाराचं नाव पाहा, मग लेखकाचं. बहुतेक जण उलट सांगतात. पण वीस पानं दर महिन्याला काढायची म्हणजे चित्रकाराला जवळपास रोज एक पान पूर्ण करावं लागतं. हा वेग फार थोड्यांना झेपतो. म्हणून पहिल्या अंकावर मोठं नाव असतं आणि चौथ्यावर ‘पाहुणा चित्रकार’ येतो. पहिल्या अंकाची यादी पाहून तुम्ही भारावून गेला असाल, तर पुढच्या दोन महिन्यांच्या याद्या येईपर्यंत हात आवरा किंवा फक्त पहिला अंक नोंदवा. तिसऱ्या अंकावर दुसरंच नाव दिसलं तर ती मालिका सुट्या अंकांत घ्यायची नाही.

तुमच्या दुकानदाराला मागणी बदलण्याची त्याची शेवटची तारीख विचारा. अमेरिकेतल्या दुकानांना अंक येण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधीपर्यंत आकडा बदलता येतो. आपल्याकडे माल मागवणाऱ्याची तारीख त्याहून आधीची असते. ही तारीख पुढे फार लागणार आहे.

तिसरी पायरी: सुटा अंक की संग्रह. ‘संग्रहाचीच वाट पाहा, स्वस्त पडतं’ हा सल्ला अर्धा खरा आहे. हिशेब त्याच्या बाजूने आहे. लेखक ब्रायन के. वॉन आणि चित्रकार फिओना स्टेपल्स यांच्या ‘सागा’ या मालिकेचे सुटे अंक २.९९ डॉलरला होते. पहिले सहा अंक जवळपास अठरा डॉलरचे. तेच सहा अंक एकत्र असलेला पहिला संग्रह २०१२ मध्ये ९.९९ डॉलरला आला. मोठ्या सुपरहिरोंच्या बाबतीत तर वाट पाहायला काहीच हरकत नाही, त्यांचे संग्रह निघणारच.

पण नव्या लेखक-चित्रकारांची, जिचे हक्क त्यांच्याकडेच आहेत अशी मालिका असेल तर वेगळा विचार करा. अशी मालिका पुढे चालणार की नाही, हे पहिल्या काही अंकांच्या मागणीवर ठरतं. सगळ्यांनी संग्रहाची वाट पाहिली, तर संग्रहापर्यंत मालिका पोचतच नाही. ज्या लेखक-चित्रकारांवर माझा जीव आहे, त्यांचे अंक मी सुटेच घेते आणि संग्रह पुन्हा घेत नाही. महिन्याला अशी एक, फार तर दोन.

चौथी पायरी: सोडणं. लेख लिहायला घेतला तो या पायरीसाठी. घेण्याबद्दल सगळे बोलतात, थांबायचं कधी आणि कसं हे कोणी सांगत नाही. माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले.

एक सुपरहिरो मालिका मी चार वर्षं घेत होते. दुकानदाराकडे ‘दर महिन्याला पाठवत जा’ असं सांगून ठेवलं होतं. घर बदलताना कपाट रिकामं केलं तेव्हा लक्षात आलं, शेवटचे सतरा अंक मी उघडलेच नव्हते. प्लास्टिकच्या पिशव्यांना चिकटपट्टी जशीच्या तशी. त्या सतरा अंकांच्या किमतीत मी नंतर दोन मोठे जाड संग्रह घेतले आणि अजूनही ते पुन्हा पुन्हा काढून वाचते. सतराही अंक मी आवडतात म्हणून घेतले नव्हते. मध्ये एक क्रमांक राहून जाईल या भीतीने घेतले होते.

ही भीती खोटी आहे, हे मी अगदी ठामपणे सांगते. क्रमांकांची सलगता प्रकाशकच पाळत नाहीत. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९६३ ची मालिका. ती १९९९ मध्ये पुन्हा १ पासून सुरू झाली, मग २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ मध्येही. क्रमांक १ म्हटलं की दुकानं जास्त मागवतात, एवढं साधं कारण आहे. ज्यांनी क्रमांक लावले त्यांनीच ते इतक्या वेळा मोडले असतील, तर सलगता सांभाळायची जबाबदारी तुमच्या पगारावर का टाकायची?

अडचण खरी आहे ती वेळेची, आणि ती नीट समजून घ्या. पहिला अंक तुमच्या हाती येईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्याची मागणी गेलेली असते. तिसरा वाचून कंटाळा आला म्हणून फोन कराल, तेव्हा चौथा आणि बहुधा पाचवा वाटेवर असतो. तो रद्द करा असं दुकानदाराला सांगू नका. अमेरिकेत १९७० च्या दशकात कॉमिक्सच्या दुकानांसाठी जी व्यवस्था उभी राहिली, तिचा पायाच असा की दुकानाला सूट जास्त मिळेल, पण न विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तो पाचवा अंक तुम्ही नाकारलात तर तो त्याच्या गळ्यात राहतो. आमच्याकडे माल मागवणारे लोक छोटे आहेत. अशा दहा गिऱ्हाइकांनी त्यांचं वर्ष खराब होतं. मी एकदा हे केलं आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून सोडण्याची तयारी घेतानाच करायची. मी करते ते असं:

‘दर महिन्याला पाठवा’ हे वाक्य कधीही बोलायचं नाही. मागणी नोंदवताना ‘अंक १ ते ३’ असं लिहूनच द्यायचं. पुढचं आपोआप येता कामा नये. पुढच्या प्रत्येक अंकासाठी मला स्वतःला ‘हो’ म्हणावं लागलं पाहिजे. दुकानदार सुरुवातीला कुरकुरतो, पण त्याला तुम्ही वेळेवर पैसे देता आणि मागे फिरत नाही हे कळलं की तोच महिन्याच्या सुरुवातीला विचारतो.

तिसरा अंक आला की त्याच रात्री वाचायचा. साठ पानं झाली. ‘पाच-सहा अंक द्या, मग रंगते’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त चीड आणतो. साठ पानांत ज्यांना मला एका माणसाची काळजी वाटायला लावता आली नाही, त्यांना आणखी साठ पानं कशासाठी द्यायची? अंक मिटून स्वतःला विचारा: मुख्य पात्राला काय हवं आहे, आणि त्याच्या आड काय येतंय? हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर पुढच्या मागणीला ‘हो’ म्हणू नका.

चालू असलेल्या जुन्या मालिकांसाठी दुसरी कसोटी आहे. पार्सल उघडल्यावर तुम्ही अंक कोणत्या क्रमाने वाचता ते लक्षात ठेवा, आणि दोन-तीन महिने लिहून ठेवा. जो अंक सलग दोन पार्सलांत सगळ्यात शेवटी वाचला गेला, किंवा वाचायचाच राहिला, ती मालिका बंद. कोणी कितीही तारे दिलेले असोत.

कथानक पूर्ण होईपर्यंत थांबायचं का? नाही. अर्ध्यावर सोडा. पुढे ती फार छान झाल्याचं विश्वासू माणसाकडून कळलं तर संग्रह मिळतोच. आणि कंटाळा व उशीर यांची गल्लत करू नका. ‘सागा’ २०१८ मध्ये ५४ व्या अंकानंतर थांबली आणि ५५ वा अंक आला जानेवारी २०२२ मध्ये, साडेतीन वर्षांनी. माझ्या ओळखीच्या काहींनी चिडून तिला यादीतून काढून टाकलं. चांगली मालिका उशिरा आली तरी चालते. वाईट मालिका वेळेवर येत राहते, हीच तर तिची अडचण.

लेखक बदलला की नोंदणी पुन्हा ‘तीन अंक’ अशी सुरू करा, जणू नवी मालिका आहे. आणि तुमची मालिका एखाद्या मोठ्या, दहा मालिकांत पसरलेल्या महाकथेत ओढली गेली, तर ते दोन-तीन महिने सरळ गाळा. जे घडलं ते नंतरच्या अंकात कोणीतरी कोणालातरी सांगतंच.

पाचवी पायरी: मुखपृष्ठांचे पर्याय. एकाच अंकाची पाच-सहा मुखपृष्ठं निघतात. साधं, मूळ किमतीचं घ्या. ‘पुढे किंमत वाढेल’ म्हणून महागडं घ्यायला सांगणाऱ्याला १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ ची आठवण द्या. पाच मुखपृष्ठं, ऐंशी लाखांहून अधिक प्रती. लोकांनी ती गुंतवणूक म्हणून गठ्ठ्याने घेऊन ठेवली आणि इतकी घेतली की तो अंक आजही सहज मिळतो.

भारतीय नवे अंक मात्र वर सांगितलेल्या नियमांनी निवडू नका. हिंदीत आणि इंग्रजीत छोटे प्रकाशक आगाऊ नोंदणीवर अंक काढतात, सोबत स्टिकर, पोस्टर, खुणेची पट्टी देतात. त्या भेटवस्तूंसाठी घेऊ नका. आतली नमुन्याची पानं आधी पाहा. अक्षरं फुग्यात मावली आहेत का, एकाच माणसाचा चेहरा दोन चौकटींत सारखा दिसतो का, हे पाहा. पसंत पडलं तर लगेच घ्या, वाट पाहू नका. प्रती मोजक्या छापल्या जातात, पुन्हा छपाईचा भरवसा नसतो आणि संग्रह निघेलच असं नाही. मराठीत तर दीर्घ चित्रकथा इतक्या थोड्या येतात की जे चांगलं येईल ते मी घेते, आणि एक प्रत शेजारच्या शाळेच्या वाचनालयासाठीही घेते.

शेवटची पायरी: ठेवणं. वाचून झाला की पिशवी, मागे पुठ्ठा, आणि उभा ठेवायचा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ओढा. कसर लागते ती भिंतीच्या ओलीकडूनच.